‘वर्षा’ बंगल्यातील शेतकरी आणि कोरडा हिवाळा

मारेगाव (जि. यवतमाळ) : यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिमेला पुसद आणि पूर्वेला वणी-मारेगाव. या दोन टोकांच्या मध्ये पसरलेली जमीन काळी, कसदार, पण बहुतांशी कोरडवाहू. पाऊस आला तर कापूस, नाही आला तर कर्ज, असा येथील शेतीचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब. या जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. दोघेही पुसदचे आणि एकाच घरातले. त्यांपैकी वसंतराव फुलसिंग नाईक यांनी ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ सलग सत्ता सांभाळली. हा विक्रम राज्यात अद्याप कोणालाही मोडता आलेला नाही. त्यांची जयंती १ जुलै हा दिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री ही नाईक यांची ओळख. राजकारणात प्रत्येक नेत्याची एक प्रतिमा असते. काहींना ती परिस्थिती देते, काही ती जाणीवपूर्वक घडवतात. निवडणुकीत तिची परीक्षा होते असे मानले जाते. पण तिची खरी कसोटी हवामान घेते. आभाळ फिरले की भाषणे थांबतात आणि लोक सरकारकडे पाहू लागतात. नाईक यांच्या वाट्याला ही कसोटी १९७२ मध्ये आली. तिच्यात ते किती उतरले आणि कोठे उणे पडले, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या चरित्राचे मोल ठरत नाही.

तांड्यापासून सचिवालयापर्यंत

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा कुटुंबात झाला. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत असत. रेल्वे आली, हा व्यापार बुडाला आणि तांडे स्थिरावू लागले. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख. त्यांनी गहुली वसवली आणि भटक्या लोकांना नांगराशी जोडले. शेती हा या घराचा वारसाहक्काने आलेला धंदा नव्हता, तर प्रयत्नपूर्वक स्वीकारलेला मार्ग होता.

आसपासच्या गावांत पायपीट करीत वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे अमरावती आणि नागपूर येथे शिकून त्यांनी मॉरिस कॉलेजची पदवी मिळवली व नंतर १९४० मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. दोन्हीकडच्या समाजांचा रोष पत्करून हे लग्न टिकले आणि वत्सलाबाई पुढे सार्वजनिक जीवनातही त्यांच्या बरोबरीने वावरल्या.

पुसद नगरपालिकेच्या अध्यक्षपदापासून त्यांचा राजकीय प्रवास सुरू झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून निवडून आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी महसूल खात्याचे उपमंत्रिपद सांभाळले. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होऊन द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ते सहकारमंत्री झाले व पुढे त्यांच्याकडे कृषी खाते आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांनी त्यांच्याकडे महसूल खाते दिले. याच काळात लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले. काही दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिला आणि त्यानंतर नाईक यांची निवड झाली. संख्येने लहान अशा समाजातला, विदर्भातला, मवाळ स्वभावाचा हा नेता फार काळ टिकेल असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

पाइप, कोट आणि पेरणी

नाईक यांचे बाह्य रूप शेतकऱ्याच्या रूढ चित्राशी जुळणारे नव्हते. नीटनेटका सूट, हातात पाइप, संथ आणि आर्जवी बोलणे असा त्यांचा थाट होता. धोतर-टोपीच्या राजकारणात हा माणूस साहेबी वाटावा असा. तरीही खेड्यातील शेतकऱ्याने त्यांना परके मानले नाही. बियाणे, खत, पाण्याची पाळी, कोळपणी यांविषयी ते बांधावरच्या माणसाच्या तपशिलाने बोलत. शेतकऱ्यांना त्यांचा पोशाख दिसे, पण पटे ते त्यांचे बोलणे.

पावसाचे त्यांना विशेष अप्रूप होते. मुंबईत मलबार हिलवर मंत्री म्हणून मिळालेल्या बंगल्याला त्यांनी ‘वर्षा’ हे नाव दिले. मुख्यमंत्री झाल्यावरही ते तेथेच राहिले. पुढे हाच बंगला मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान ठरला. राज्याचा कारभार पावसाचे नाव धारण करणाऱ्या घरातून चालतो, याचा उगम असा एका कोरडवाहू जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मनात आहे.

साठच्या दशकात देश धान्यासाठी अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता. नाईक यांनी संकरित बियाण्यांचा हट्ट धरला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला आणि त्याच्या प्रसारासाठी महाराष्ट्राने पुढाकार घेतला. संकरित ज्वारीची भाकरी चवीला उतरत नाही, कणीस काळे पडते, अशा तक्रारी झाल्या व त्या निराधारही नव्हत्या. पण एकरी उतारा वाढला, हेही खरे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे नाव देण्यात आले.

शनिवारवाड्यावरची प्रतिज्ञा

१९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरील सभेत नाईक यांनी एक घोषणा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला येथेच फाशी द्यावे, असा तिचा आशय होता. मवाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेत्याच्या तोंडी ही भाषा अनपेक्षित होती. आजही नाईक यांचे नाव निघाले की सर्वप्रथम हीच गोष्ट सांगितली जाते.

या प्रतिज्ञेने त्यांची प्रतिमा घडली, तशी ती गहाणही पडली. ज्या प्रदेशात शेतीचा मोठा भाग पावसाच्या पाण्यावर चालतो, तेथे धान्याची मुदत ठरवून देणे म्हणजे पावसाच्या वतीने वचन देणे होय. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशभर अवर्षणाची गेली. त्यामुळे प्रतिज्ञा अक्षरशः पुरी झाली असे म्हणता येत नाही. मात्र ती केल्यानंतर शेतीखाते, महसूलखाते आणि जिल्हा परिषदा यांना उत्पादन हे आपले काम वाटू लागले. १९६७ मध्ये काँग्रेसला २७० पैकी २०३ जागा मिळाल्या आणि १९७२ च्या मार्चमध्ये २२२. मतदारांनी त्यांना फाशी न देता पुन्हा खुर्ची दिली. त्यानंतर तीनच महिन्यांनी पावसाने पाठ फिरवली.

बर्फाचा हिवाळा आणि दुष्काळाचा हिवाळा

हवामान नेत्यांच्या प्रतिमेचे काय करते, याची उदाहरणे परदेशातही आहेत. न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे हे देखणे, तरुण आणि लोकप्रिय. फेब्रुवारी १९६९ मध्ये शहरात मोठा बर्फ पडला. क्वीन्स भागातील रस्ते कित्येक दिवस मोकळे झाले नाहीत आणि सामान्यांचा महापौर या त्यांच्या प्रतिमेला तडा गेला. आपल्याच पक्षाची उमेदवारी त्यांनी गमावली. दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर ते त्या वर्षी कसेबसे निवडून आले. शिकागोचे महापौर मायकेल बिलँडिक यांना मात्र सावरता आले नाही. जानेवारी १९७९ मधील हिमवादळानंतर रस्ते तुंबले, गाड्या अडकल्या आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी त्यांचा पराभव केला.

बर्फ एका रात्रीत पडतो आणि सर्वांना दिसतो. तो उचलला गेला की नाही, हे दुसऱ्या दिवशी दारात कळते. महाराष्ट्राचा हिवाळा अशा तऱ्हेने दार ठोठावत नाही. येथे पाऊस जूनमध्ये लांबतो, खरीप सप्टेंबरात करपतो, परतीचा पाऊस चुकला की जमिनीत ओल राहत नाही आणि रब्बीची पेरणीच होत नाही. कापणी नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून धान्य नाही. विहिरी तळाला जातात, कडबा संपतो. हे सारे घडते ते दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान, निरभ्र आभाळाखाली आणि सुखद थंडीत. मुंबईत बसलेल्या माणसाला हवा छान वाटते, त्या वेळी माणदेशात बैल बाजारात येतात.

त्यामुळे राज्यकर्त्यांची हिवाळ्यातील कसोटी म्हणजे न दिसणारे संकट वेळेवर ओळखणे. आणेवारी ठरण्याचे दिवस हेच. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, तेही हिवाळ्यात. शेतकऱ्यांचे मोर्चे तेथे येऊन धडकतात, ते थंडीच्या हौसेने नव्हे.

१९७२ चा कोरडा हिवाळा

१९७० पासूनच राज्याच्या काही भागांत पाऊस अपुरा होता. १९७२ मध्ये तो जवळजवळ सर्वत्र दगा देऊन गेला. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्वेकडील पट्ट्याला सर्वाधिक झळ बसली. बीड, सोलापूर, सांगली भागातील गावेच्या गावे रिकामी होऊ लागली. विदर्भावर तुलनेने कमी आघात झाला, पण कोरडवाहू यवतमाळही सुरक्षित नव्हता.

नाईक सरकारने त्या वेळी जे धोरण स्वीकारले ते साधे होते. धान्य फुकट वाटण्याऐवजी मागेल त्याला काम द्यायचे आणि कामाच्या मजुरीतून कुटुंब जगवायचे. दुष्काळी कामांची ही पद्धत ब्रिटिशांच्या दुष्काळ संहितेपासून चालत आली होती. पण ब्रिटिशांच्या काळात कामे कमीत कमी उघडण्याकडे कल असे. येथे ती गावाच्या जवळ आणि शक्य तितकी उघडण्यात आली. जिल्हाधिकारी, तहसीलदार, पाटबंधारे व बांधकाम खात्याचे अभियंते आणि दहा वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा या कामाला जुंपल्या गेल्या. मस्टरवर नावे चढू लागली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

प्रारंभी सोपे म्हणून खडी फोडण्याची कामे फार निघाली. रस्त्याकडेला खडीचे ढीग पडून राहिले आणि त्यावर टीकाही झाली. शेतीला उपयोगी पडतील अशी कामे घ्यावीत, यासाठी मग पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती आणि कालव्यांच्या खोदाईवर भर देण्यात आला. लहान मुले व मजूर यांना सुकडी वाटण्यात आली. स्वस्त धान्य दुकानांतून परदेशी लाल मिलो आला. माणसांनी तो नाक मुरडत खाल्ला, पण खाल्ला. त्या पिढीतील लोकांना सुकडीची चव आणि मिलोचा रंग पुढे आयुष्यभर विसरता आला नाही.

सर्व सुरळीत झाले असे नव्हे. मजुरी वेळेवर मिळत नसे, मुकादम मापात मारीत, पाण्यासाठी मैलोन् मैल जावे लागे. जनावरे मोठ्या संख्येने गेली. मजुरांनी मोर्चे काढले, संप केले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महिला लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. विरोधकांनी सरकारला स्वस्थ बसू दिले नाही आणि त्याचा दुष्काळग्रस्तांना लाभच झाला. अन्नधान्याची एवढी तूट असूनही राज्यात भूकबळींची लाट आली नाही, ही गोष्ट नंतर जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यासली. त्यांनी श्रेय दिले ते कामाच्या हमीला आणि त्यासाठी लोकांनी आणलेल्या दबावालाही.

नाईक या काळात सतत दौऱ्यावर होते. संकट नाकारण्याचा मोह त्यांनी टाळला. स्वयंपूर्णतेची प्रतिज्ञा केलेल्या मुख्यमंत्र्याला दुष्काळ जाहीर करणे जड गेले असते तर ते समजण्यासारखे होते. प्रतिमा जपण्यासाठी आकडे दडपणारे राज्यकर्ते जगाने पाहिले आहेत. नाईक यांनी केंद्रापुढे तूट मांडली, मदत मागितली आणि कामे उघडली. शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री ही त्यांची ओळख शनिवारवाड्यावर जन्मली असली तरी ती खरी ठरली ती दुष्काळी कामांवर.

हमीचा कायदा

दुष्काळी कामे दुष्काळाबरोबर बंद होतात. काम हा मजुराचा कायमचा हक्क असावा, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला होता. नाईक यांच्या मंत्रिमंडळाने ती उचलून धरली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर झाली. दुष्काळाच्या ऐन काळात मदतकार्यांमुळे ती मागे राहिली व नंतर पुन्हा मार्गी लागली. १९७५ मध्ये राज्यात व्यवसाय कर लागू झाला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम खेड्यातील मजुराच्या कामावर खर्च व्हावी, अशी ही व्यवस्था. योजनेचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता.

सत्तेनंतर

नाईक यांच्या कारकिर्दीवर आक्षेपही कमी नाहीत. मुंबईतील नरिमन पॉइंट परिसरात समुद्र हटवून मिळवलेल्या भूखंडांच्या वाटपावरून त्यांच्या सरकारवर कडाडून टीका झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. कम्युनिस्ट कामगार संघटनांना शह देण्यासाठी त्यांनी शिवसेनेला मोकळीक दिली, असा आरोप होऊन तिला वसंतसेना असे उपहासाने म्हटले गेले. विदर्भाचा मुख्यमंत्री असूनही विदर्भातील सिंचन मागे पडले, हा आक्षेप तर आजही घेतला जातो. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने विभागवार अनुशेष मांडला, तेव्हा त्या आक्षेपाला आकड्यांचा आधार मिळाला.

फेब्रुवारी १९७५ मध्ये पक्षश्रेष्ठींच्या इच्छेनुसार नाईक पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. जाताना त्यांनी आकांडतांडव केले नाही. १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेसची धूळधाण होत असताना ते वाशीममधून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पुढे जलसंधारण हाच त्यांच्या कामाचा विषय ठरला. घरातील पाण्याची चिंता अशी पुढच्या पिढीकडे गेली.

जिल्ह्याचे पूर्वेकडील टोक

नाईक यांच्या कामाचे दोन्ही अर्थ त्यांच्याच जिल्ह्यात वाचायला मिळतात. पुसदला पूस नदीवर धरण झाले आणि कालव्याखाली काही जमीन ओली झाली. वणीच्या रस्त्यावरील मारेगावकडे आले की कोरडवाहू कापसाचा प्रदेश लागतो. गोंड आणि कोलामांच्या पोडांवर जमीन थोडी आणि उथळ. हिवाळ्यात वेचणी संपली की मजुराला पुढचे चार-पाच महिने कामाची वाट पाहावी लागते. रोजगार हमीचा खरा उपयोग या महिन्यांत.

कापसाला रास्त भाव मिळावा म्हणून नाईक सरकारने १९७१ मध्ये एकाधिकार खरेदीचा कायदा केला व १९७२ च्या हंगामापासून व्यापाऱ्याऐवजी सरकार कापूस घेऊ लागले. चुकाऱ्यांना विलंब, प्रतवारीतील घोळ आणि वाढता तोटा यांनी ही योजना पुढे पोखरली गेली. २००२ मध्ये खासगी खरेदीला मोकळीक मिळून तिचा अवतार संपला. त्याच सुमारास यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना सावरण्यासाठी राज्याने जे मिशन स्थापन केले, त्याला वसंतराव नाईक यांचेच नाव देण्यात आले. स्वयंपूर्णतेची प्रतिज्ञा करणाऱ्या माणसाचे नाव त्याच्याच जिल्ह्यातील संकटाच्या फाइलीवर लागले.

यातून नाईक यांचे मोल कमी होत नाही; त्याची मर्यादा मात्र स्पष्ट होते. दुष्काळात माणूस जगवता येतो, हे त्यांनी करून दाखवले आणि त्याची पद्धत राज्याला घालून दिली. पण जगलेल्या माणसाच्या शेताला पाणी आणि त्याच्या पिकाला भाव देण्याचे काम अर्धेच राहिले. पहिले काम एका कसोटीच्या वर्षात निश्चयाने होऊ शकले. दुसऱ्याला अनेक सरकारांचे, अनेक शांत हिवाळ्यांचे सातत्य हवे होते. पाऊस बरा झालेल्या वर्षी, मोर्चे ओसरल्यावर आणि आभाळ निरभ्र असताना पाझर तलावातील गाळ काढणे, चुकारे वेळेवर देणे, मस्टर खरे ठेवणे या कामांतून कोणाचीही प्रतिमा घडत नाही. मारेगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पुढचे वर्ष मात्र त्यांच्यावरच अवलंबून असते.